पेल्यातले भोजन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

औषधांच्या दुकानांत आणि व्यायामशाळांच्या फळ्यांवर अलीकडे वजन घटविण्यासाठीच्या भुकटीचे जे डबे दिसू लागले आहेत, त्यांच्यासंबंधी आपल्या समाजात दोन टोकांची मते प्रचलित आहेत. दोन-तीन चमचे भुकटी पाण्यात कालवून पेला रिकामा केला की एका जेवणाची बेबाकी झाली, असे मानणारा एक पक्ष आहे. आणि पानावर भाकरी-भाजी नसेल तर ते जेवणच नव्हे, असा निकाल देऊन मोकळा होणारा दुसरा. दोन्ही पक्षांची भिस्त बहुधा ऐकीव गोष्टींवर असते. वजन किती उतरले याचीच चौकशी दोघेही करतात. पण जे उतरले ते नेमके काय होते, हा प्रश्न, जो माझ्या मते या साऱ्या विषयाचा प्राण आहे, सहसा कोणी विचारीत नाही.

पहिला आणि सर्वांत व्यापक गैरसमज असा की, जे पातळ आणि पौष्टिक ते जेवणाच्या जागी चालते. मोसंबीचा रस, शहाळ्याचे पाणी, भाताची पेज किंवा टोमॅटोचे सार यांवर दिवस काढणारा मनुष्य आपण ‘लिक्विड डाएट’ करतो असे सांगतो. परंतु खाद्यपदार्थांची आंतरराष्ट्रीय मानके ठरविणाऱ्या ‘कोडेक्स’ने १९९१ साली वजन घटविण्यासाठीच्या, जेवणाची जागा घेणाऱ्या पदार्थांचे जे मानक घालून दिले, त्याची कलमे वाचली तर भेद स्पष्ट होतो. एका जेवणाची जागा घेणाऱ्या पदार्थाने २०० ते ४०० उष्मांक द्यावेत, त्या उष्मांकांपैकी किमान चौथा हिस्सा प्रथिनांतून यावा, स्निग्ध पदार्थांचा वाटा ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि जीवनसत्त्वे व खनिजे ठराविक प्रमाणात असावीत, असा तो दंडक आहे. या कसोटीला मोसंबीचा रस उतरत नाही, पेजही उतरत नाही; आणि व्यायामशाळेतली नुसत्या प्रथिनांची भुकटीही उतरत नाही, कारण तिच्यात प्रथिने विपुल असली तरी बाकीचा शिधा नसतो. १९४६ साली गांधीजींनी उरुळीकांचनला स्थापन केलेल्या निसर्गोपचार आश्रमामुळे रसाहाराची कल्पना आपल्याकडे सुपरिचित आहे; पण देखरेखीखाली, मर्यादित मुदतीपुरता घेतलेला रसाहार वेगळा आणि रोजच्या जेवणाच्या बदली, महिनोन्महिने घ्यावयाचे पेय वेगळे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. अमेरिकेत त्याची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकविलेली आहे. तेथे १९५९ साली मीड जॉन्सन या कंपनीने ‘मेट्रेकल’ नावाचे पेय बाजारात आणले. दिवसाला चार वेळा मिळून ९०० उष्मांक असा त्याचा हिशेब होता आणि ते विलक्षण खपले. त्यानंतर सुमारे सतरा वर्षांनी, १९७६ मध्ये, रॉबर्ट लिन नावाच्या एका डॉक्टराने आपल्या पुस्तकातून द्रवरूप प्रथिनांचा उपवास लोकप्रिय केला. ही प्रथिने जनावरांची कातडी आणि स्नायुबंध यांतून काढलेल्या कोलॅजेनची, म्हणजे अत्यंत हलक्या प्रतीची असत. ट्रिप्टोफॅन हे शरीराला अत्यावश्यक असलेले अमिनो आम्ल कोलॅजेनमध्ये नसतेच. त्यात भर म्हणजे उष्मांक जेमतेम तीन-चारशे आणि खनिजांचा बंदोबस्त तुटपुंजा. पुढच्या दोन वर्षांत असा उपवास करणाऱ्यांपैकी साठच्या आसपास मृत्यूंची नोंद सरकारदरबारी झाली, आणि त्यांतील ज्या प्रकरणांची बारकाईने छाननी झाली त्यांत हृदयाची लय बिघडून मृत्यू आल्याचे आढळले. ही माणसे झपाट्याने बारीक होत होती आणि वजनाचा काटा त्यांना शाबासकीच देत होता, ही या हकिकतीतली सर्वांत विचार करण्याजोगी बाब आहे.

काट्याच्या साक्षीवर विसंबण्याचा हा दोष सौम्य रूपात आजही सर्वत्र दिसतो. पेयाहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातच दोन-तीन किलो वजन घटते आणि तेवढी चरबी गेली असा समज होऊन घरात आनंदीआनंद होतो. वस्तुस्थिती अशी की, यकृत आणि स्नायू यांच्या कोठारात ग्लायकोजेनच्या रूपाने जी शर्करा साठविलेली असते, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. आहार तोकडा होताच हे कोठार प्रथम रिते होते आणि त्याबरोबर हे पाणीही निघून जाते. मेद घटण्याची क्रिया सावकाश, आठवड्यामागून आठवडे चालणारी आहे, आणि तिच्याबरोबर काही अंशी स्नायूही झिजतातच. हा झिजेचा भाग कमीत कमी राहावा म्हणून प्रथिनांची तजवीज आणि अंगमेहनत ही दोन्ही आवश्यक ठरतात.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर ही गोष्ट विशेष निकडीची आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. उंचीच्या मानाने वजनाचा दोघांचा निर्देशांक नेमका सारखा, २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसण्यात सडपातळ, पण आत मेद अधिक आणि स्नायू कमी, अशी जी भारतीय शरीराची घडण याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासाने पुढे आणली, ती लक्षात घेता, ज्याच्या गाठीला स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी आहे त्याने ती निष्काळजीपणे खर्च करणे कसे परवडेल? प्रौढ भारतीयाला प्रत्येक किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने असावीत अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. डब्यावरचा तक्ता वाचताना प्रथम हा आकडा जुळतो की नाही ते पाहावे, आणि साखर किती हे त्याखालोखाल.

पेयाहाराने शरीरातील ‘विषे’ बाहेर पडतात, ही समजूत निराधार आहे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात आणि त्यासाठी त्यांना कोणत्याही भुकटीची गरज नसते.

पातळ पदार्थाने भूक भागत नाही, हा आक्षेप मात्र सर्वस्वी खोटा नव्हे. ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९७७ साली काही निरोगी माणसांना सफरचंदे तीन रूपांत दिली: अखंड, लगदा केलेली आणि रस काढलेली. शर्करेचे प्रमाण तिन्हींत सारखेच असूनही रस सर्वांत भरभर संपला आणि त्याने समाधान सर्वांत कमी दिले. चोथा आणि चर्वण यांचे मोल यावरून कळते. म्हणून ज्या पेयात तंतुमय भाग आहे ते पसंत करावे, घटाघट न पिता सावकाश प्यावे आणि दिवसभर पाणी मुबलक घ्यावे, एरवी बद्धकोष्ठाचा त्रास हटकून होतो. असे असूनही पुष्कळांना हा आहार पाळता येतो, याचे कारण भूक शमण्यापेक्षा निर्णय टळण्यात आहे असे मला वाटते. आज काय खावे, किती खावे, आणखी अर्धी पोळी घ्यावी की नाही, या प्रश्नांचा रोजचा तगादाच थांबतो. नित्याच्या संसारात दिवसातले एक किंवा दोन जेवण पेयाचे आणि एक कुटुंबाबरोबर पानावर बसून, ही वाटणी सर्वांत सुसह्य ठरते. अमेरिकेतील ‘लुक अहेड’ या ५,१४५ मधुमेही व्यक्तींच्या दीर्घ अभ्यासातही अशाच अंशतः बदलाचा उपयोग केला होता, आणि व्यायाम व मार्गदर्शन यांच्या जोडीने पहिल्या वर्षी हा बदल करणाऱ्या गटाचे वजन सरासरी ८.६ टक्क्यांनी घटले. सासुरवाडीचा आग्रह, कचेरीतला वाढदिवस, श्रावणातले सण यांचा विचार आरंभीच करून ठेवावा. पानावर बसून नुसते पाहत राहण्यापेक्षा त्या दिवशी जेवणाची मुभा घेणे बरे.

‘नुसते पेय तर आहे, त्याला डॉक्टर कशाला?’ हा समज सर्वांत घातक होय. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना आहार एकदम निम्म्यावर आणला तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते; रक्तदाबाच्या औषधांचे प्रमाणही बदलावे लागते. वजन वेगाने घटत असता आणि आहारात स्निग्धांश फारच कमी असता पित्ताशय पुरते आकुंचन पावत नाही आणि त्यात खडे होण्याचा संभव वाढतो. गरोदर व स्तनदा स्त्रिया, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि खाण्यासंबंधीच्या मानसिक विकारांतून गेलेली माणसे यांनी या वाटेला स्वतःच्या मनाने जाऊच नये.

राहता राहिला शेवटचा वाद, की वजन पुन्हा येतेच, तेव्हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. अमेरिकेतील ख्यातनाम निवेदिका ओप्रा विन्फ्री यांनी १९८८ साली पेयाहाराने ६७ पौंड, म्हणजे सुमारे तीस किलो, वजन घटविल्याचे दूरचित्रवाणीवर जाहीर केले आणि पुढे ते परत आल्याचेही त्यांनी तितक्याच मोकळेपणाने सांगितले. तेव्हापासून हा दाखला सर्वतोमुखी आहे. परंतु ग्लासगोचे माइक लीन आणि न्यूकॅसलचे रॉय टेलर यांनी मधुमेह होऊन सहा वर्षे उलटली नाहीत अशा ३०६ रुग्णांवर जो ‘डायरेक्ट’ प्रयोग केला, त्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेले फलित याहून गुंतागुंतीचे आहे. तीन ते पाच महिने दररोज सुमारे साडेआठशे उष्मांकांच्या पेयावर राहिलेल्या गटातील ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षअखेर औषधाविना आटोक्यात होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हेच प्रमाण ४ टक्के होते. दोन वर्षांनी पहिल्या गटातील प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, आणि पाच वर्षांनी, मार्गदर्शन चालू राहिलेल्यांत, सुमारे १३ टक्क्यांवर. वजनवाढ पुन्हा होते आणि तिच्याबरोबर हा लाभही ओसरतो हे यावरून उघड आहे. पण त्या प्रयोगाच्या योजकांनी ती गृहीत धरूनच आखणी केली होती. पेय एकाएकी बंद न करता दोन ते आठ आठवड्यांत एकेक जेवण परत आणावयाचे, त्यानंतरही महिन्याकाठी भेट घेत राहावयाची, आणि वजन दोन-चार किलोंनी वाढलेच तर काही आठवड्यांपुरते पुन्हा अंशतः किंवा पूर्णतः पेयावर जावयाचे, असा तो क्रम होता. आपल्याकडे डबा विकत घेताना या परतीच्या आठवड्यांचा उल्लेख विक्रेता करीत नाही. म्हणून आरंभाच्या तारखेबरोबरच पहिली भाकरी, वाटीभर वरण आणि भाजी पानावर कोणत्या आठवड्यात व किती प्रमाणात यावयाची, हे आहारतज्ज्ञाकडून आधीच लिहून घ्यावे.