गुणतक्त्यात न मावलेला संघ : बोस्टन सेल्टिक्सचा इतिहास आणि विक्रम

अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, म्हणजे जगभर एनबीए या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिक साखळीच्या इतिहासात सर्वाधिक विजेतेपदे बोस्टन सेल्टिक्स या संघाच्या नावावर आहेत. २०२४ पर्यंत त्यांची संख्या १८ झाली असून, आधी मिनियापोलिस आणि नंतर लॉस एंजेलिस या शहरांतून खेळलेला लेकर्स हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी १७ विजेतेपदांसह त्याच्या मागे आहे. याच संघाची आणखी एक नोंद मात्र फार क्वचित सांगितली जाते: या १८ विजेतेपदांच्या काळात सेल्टिक्सचा एकही खेळाडू कोणत्याही हंगामात गुणांच्या सरासरीत साखळीत पहिला आलेला नाही. ज्या खेळात गुण मिळवणे हेच प्रत्यक्ष उद्दिष्ट आहे, त्यात सर्वाधिक यश मिळवणाऱ्या संघाकडे गुणांचा एकही वार्षिक मानकरी नसावा, ही विसंगती योगायोग म्हणून बाजूला सारण्याजोगी नाही. तिचा उलगडा केवळ विक्रमांच्या यादीतून होत नाही; त्या यादीत काय मोजले गेले आणि काय मोजलेच गेले नाही, हेही तपासावे लागते.

बास्केटबॉलचा जन्म मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी १८९१ च्या डिसेंबरात झाला. हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा खेळ जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाने तेथे तयार केला. मात्र त्याच राज्याची राजधानी असलेल्या बोस्टनमध्ये पुढील अर्धशतकभर आइस हॉकी आणि बेसबॉल यांचेच वर्चस्व राहिले. १९४६ मध्ये मोठ्या क्रीडागृहांचे मालक एकत्र आले आणि हॉकीचे सामने नसलेल्या रात्री आसने रिकामी राहू नयेत, या व्यावहारिक हेतूने त्यांनी बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका ही साखळी सुरू केली. त्यांत बोस्टन गार्डन या क्रीडागृहाचे प्रमुख वॉल्टर ब्राउन होते आणि सेल्टिक्सची स्थापना त्यांनीच केली. १९४९ मध्ये ही साखळी आणि नॅशनल बास्केटबॉल लीग ही दुसरी संघटना एकत्र येऊन एनबीए अस्तित्वात आली. पहिल्या हंगामात सेल्टिक्सने २२ सामने जिंकले आणि ३८ गमावले. पुढची काही वर्षेही तोट्याचीच गेली.

संघाला वळण लागले ते १९५० मध्ये. त्या वर्षी ब्राउन यांनी रेड ऑरबाख यांना प्रशिक्षक नेमले आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंमधून संघांनी पाळीपाळीने निवड करण्याच्या पद्धतीत, चक कूपर यांचे नाव पुकारले. एनबीएच्या संघाने निवडलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू होत. बॉब कूझी यांचे येणे मात्र निव्वळ नशिबाचे होते. जवळच्याच होली क्रॉस महाविद्यालयातून आलेल्या या खेळाडूला ऑरबाख यांनी ड्राफ्टमध्ये डावलले होते. पुढे शिकागोचा संघ बंद पडल्यावर त्याच्या तीन खेळाडूंच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून काढण्यात आल्या आणि शेवटी उरलेली कूझी यांची चिठ्ठी बोस्टनच्या वाट्याला आली. चेंडू पाठीमागून देणे, नजर एकीकडे ठेवून पास दुसरीकडे करणे ही त्यांची शैली पुढे साऱ्या खेळाने उचलली.

त्या काळचा खेळ मात्र संथ होता. आघाडी मिळालेला संघ चेंडू आपल्याकडेच ठेवून वेळ काढत असे आणि नियमांत त्याला आळा नव्हता. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सचा १९–१८ असा पराभव केला, तेव्हा या रडतखडत खेळाची परिसीमा झाली. त्यावर उपाय शोधला तो सिरॅक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंदांचा आणि चांगल्या सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून सुमारे १२० फेका होतात. म्हणून एका फेकीला २४ सेकंद, असा त्यांचा साधा हिशेब होता. १९५४ मध्ये हा नियम लागू झाला आणि संघांची प्रत्येक सामन्यातील सरासरी एका हंगामात ७९.५ वरून ९३.१ गुणांवर गेली. वेगवान सेल्टिक्सने तर त्या हंगामात शंभराहून अधिक गुणांची सरासरी गाठली; असे करणारा हा पहिला संघ. तरीही विजेतेपद मिळाले नाही, कारण चेंडू बास्केटमध्ये टाकणारे अनेक होते. पण प्रतिस्पर्ध्याची हुकलेली फेक ताब्यात घेणारा, म्हणजेच रिबाउंड मिळवणारा, कोणी नव्हता.

ती उणीव बिल रसेल यांनी भरून काढली. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड सेंट लुइस हॉक्सकडे होती. ऑरबाख यांनी एड मकॉली हा नावाजलेला खेळाडू आणि त्याच्याबरोबर क्लिफ हेगन यांना सेंट लुइसला देऊन त्या निवडीतून रसेल यांना मिळवले. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकून रसेल डिसेंबरात बोस्टनला आले आणि १३ एप्रिल १९५७ रोजी त्याच हॉक्सविरुद्ध, दोनदा जादा वेळ खेळावा लागलेल्या सातव्या सामन्यात, सेल्टिक्सने १२५–१२३ असा विजय मिळवून पहिले विजेतेपद पटकावले. पुढील वर्षी अंतिम मालिकेत रसेल यांचा घोटा दुखावला आणि हॉक्सने परतफेड केली. परंतु १९५९ ते १९६६ अशी सलग आठ विजेतेपदे बोस्टनकडेच राहिली. अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक क्रीडासाखळ्यांत इतकी लांब अखंड मालिका अन्य कोणत्याही संघाला साधलेली नाही. रसेल यांच्या १३ हंगामांत संघाने ११ विजेतेपदे मिळवली आणि मालिकेच्या निर्णायक सातव्या सामन्यात रसेल दहा वेळा उतरले, तेव्हा दहाही वेळा बोस्टनच जिंकले.

रसेल यांची कारकिर्दीतील गुणसरासरी १५.१ इतकी, म्हणजे थोर खेळाडूंच्या पंगतीत अगदी सामान्य वाटावी अशी आहे. रिबाउंडची सरासरी मात्र २२.५ असून एकूण संख्या २१,६२० आहे, आणि ५ फेब्रुवारी १९६० रोजी त्यांनी सिरॅक्यूसविरुद्ध एकाच सामन्यात ५१ रिबाउंड घेतले. पण त्यांच्या खेळाचा गाभा रिबाउंडमध्येही नव्हता. तो प्रतिस्पर्ध्याची फेक हवेतच अडवण्यात, म्हणजे ब्लॉक करण्यात होता. इतर उंच खेळाडू अडवलेला चेंडू प्रेक्षकांत भिरकावून टाळ्या घेत. त्याने चेंडू पुन्हा प्रतिस्पर्ध्यालाच मिळे. रसेल तो हलक्या हाताने आपल्या सहकाऱ्याकडे वळवत आणि तेथूनच कूझी यांची धाव सुरू होई. एका कृतीत बचाव आणि आक्रमण जोडणारी ही पद्धत बास्केटबॉलच्या इतिहासातील बहुधा सर्वांत परिणामकारक कल्पना होती. पण तिचा आकडा कोठेही नाही. एनबीएने ब्लॉकची अधिकृत मोजणी १९७३-७४ च्या हंगामापासून सुरू केली आणि रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाले होते. आजच्या विक्रमपुस्तकात ब्लॉकच्या यादीत त्यांचे नाव नाही, आणि केवळ ते पुस्तक उघडणाऱ्या वाचकाच्या पदरी या खेळाडूविषयी अपुरेच नव्हे, तर चुकीचे ज्ञान पडते.

समकालीन खेळाडूंना हे पुरते ठाऊक होते. १९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेन यांनी प्रत्येक सामन्यात सरासरी ५०.४ गुण मिळवले आणि २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले. हे दोन्ही विक्रम अद्याप अबाधित आहेत. तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जो तेव्हा खेळाडूंच्याच मतदानाने दिला जाई, रसेल यांना मिळाला. त्यांना मिळालेल्या पाच पुरस्कारांपैकी तो एक होय. त्याच वर्षी लेकर्सविरुद्धचा अंतिम सामना जादा वेळेत ११०–१०७ असा जिंकताना त्यांनी ३० गुण आणि ४० रिबाउंड अशी कामगिरी केली.

या यशाच्या काळात रसेल आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांना जे सोसावे लागले, तेही या इतिहासाचाच भाग आहे. ऑक्टोबर १९६१ मध्ये केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे हॉटेलच्या उपाहारगृहाने त्यांना वर्णावरून सेवा नाकारली, तेव्हा त्यांनी तेथील प्रदर्शनीय सामना खेळण्यास नकार दिला आणि ते परत निघाले. बोस्टनजवळच्या रेडिंग या उपनगरात रसेल यांच्या घरात शिरून नासधूस करण्यात आली. विजेतेपदांच्या त्या वर्षांतही बोस्टन गार्डनमध्ये कित्येकदा आसने रिकामी राहत, तर त्याच इमारतीत त्याच शहराच्या हरणाऱ्या हॉकी संघासाठी गर्दी होई. संघाच्या आतील व्यवहार मात्र वेगळा होता. २६ डिसेंबर १९६४ रोजी ऑरबाख यांनी रसेल, सॅम जोन्स, के. सी. जोन्स, सॅच सँडर्स आणि विली नॉल्स या पाच जणांना सामन्याच्या आरंभी उतरवले; एनबीएमध्ये पाचही आरंभीचे खेळाडू कृष्णवर्णीय असण्याची ती पहिली वेळ. १९६६ मध्ये ऑरबाख पायउतार झाले, तेव्हा त्यांनी प्रशिक्षकपद रसेल यांच्याकडे सोपवले. साखळीचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक म्हणून, आणि त्याच वेळी खेळाडू म्हणूनही, रसेल यांनी १९६८ आणि १९६९ ची विजेतेपदे जिंकली. जुलै २०२२ मध्ये त्यांच्या निधनानंतर एनबीएने त्यांचा ६ हा क्रमांक सर्व संघांसाठी निवृत्त केला; असा मान त्यापूर्वी कोणालाही मिळाला नव्हता.

या ११ विजेतेपदांचे मोल ठरवताना एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडावा लागतो. १९५७ मध्ये साखळीत केवळ आठ संघ होते, आज तीस आहेत. अंतिम फेरीपर्यंतचा प्रवासही तेव्हा आखूड होता. संख्येच्या दृष्टीने हा आक्षेप खरा आहे. परंतु संघ थोडे असल्याने उत्तम खेळाडू त्या आठ संघांतच एकवटले होते आणि तोच दर्जेदार प्रतिस्पर्धी एका हंगामात वारंवार समोर येत असे, हेही विसरता येत नाही. त्यामुळे दोन काळांची तुलना करण्यापेक्षा त्याच काळातील इतर संघांना जे एकदाही टिकवता आले नाही, ते या संघाला आठ वर्षे कसे टिकवता आले, हा प्रश्न अधिक फलदायी ठरतो.

त्याच्या उत्तराचा एक भाग ऑरबाख यांच्या ‘सहाव्या खेळाडू’च्या कल्पनेत आहे. पाच खेळाडूंनी सामना सुरू होतो आणि आरंभी उतरणे प्रतिष्ठेचे मानले जाते. ऑरबाख आपल्या उत्तम खेळाडूंपैकी एकाला मुद्दाम बाकावर ठेवत आणि प्रतिस्पर्धी दमू लागले की ताज्या दमाने मैदानात आणत. प्रथम फ्रँक रॅमसे यांनी आणि नंतर जॉन हॅव्हलिचेक यांनी ही भूमिका कुरकूर न करता स्वीकारली. हॅव्हलिचेक यांचे २६,३९५ गुण आजही संघाच्या इतिहासात सर्वाधिक आहेत. म्हणजे संघाचा सर्वांत मोठा गुणसंग्राहक आपल्या उमेदीची वर्षे बदली खेळाडू म्हणून खेळला. १५ एप्रिल १९६५ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध, एका गुणाच्या आघाडीवर अखेरची काही सेकंदे उरली असताना, प्रतिस्पर्ध्याचा सीमारेषेवरून आलेला पास त्यांनी हिरावला आणि ११०–१०९ अशा विजयाने संघ अंतिम मालिकेत पोहोचला. चेंडू हिरावण्याचीही मोजणी तेव्हा होत नव्हती.

हॅव्हलिचेक, डेव्ह कावेन्स आणि जो जो व्हाइट यांच्या संघाने १९७४ आणि १९७६ मध्ये विजेतेपदे मिळवली. त्यानंतरची घसरण लॅरी बर्ड यांच्या आगमनाने थांबली आणि १९७८-७९ मध्ये २९ सामने जिंकलेल्या संघाने पुढच्याच हंगामात ६१ जिंकले. बर्ड यांच्या पहिल्याच सामन्यात, १२ ऑक्टोबर १९७९ रोजी, सेल्टिक्सच्या ख्रिस फोर्ड यांनी त्या हंगामापासून लागू झालेल्या लांब अंतराच्या रेषेबाहेरून बास्केट केले आणि एनबीएतील पहिली तीन गुणांची फेक त्यांच्या नावावर नोंदली गेली. १९८० मध्ये एकाच व्यवहारातून रॉबर्ट पॅरिश आणि केव्हिन मॅकहेल मिळाले. या तिघांनी १९८१, १९८४ आणि १९८६ ही विजेतेपदे जिंकली. १९८५-८६ च्या संघाने ६७ सामने जिंकताना घरच्या मैदानावर ४१ पैकी एकच गमावला. त्या संघातही बिल वॉल्टन यांच्यासारखा एकेकाळचा सर्वोत्तम खेळाडू बाकावरून येत असे.

त्यापुढील दोन दशके फार कष्टाची गेली. १९८६ मध्ये ड्राफ्टमधून निवडलेला लेन बायस निवडीनंतर दोनच दिवसांत अमली पदार्थामुळे मरण पावला, १९९३ मध्ये कर्णधार रेजी लुइस हृदयविकाराने गेला, आणि १९९६-९७ मध्ये संघाने ८२ पैकी ६७ सामने गमावले. २००७ मध्ये केव्हिन गार्नेट आणि रे ॲलन हे पॉल पिअर्स यांच्या जोडीला आले, तेव्हा आदल्या वर्षी २४ सामने जिंकलेल्या संघाने ६६ जिंकून २००८ चे विजेतेपद लेकर्सकडून अखेरच्या सामन्यात १३१–९२ असे खेचून घेतले.

गार्नेट आणि पिअर्स यांना २०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सला देताना बोस्टनने पुढील वर्षांच्या निवडींचे हक्क मागून घेतले, आणि त्यांतूनच पुढे जेलन ब्राउन आणि जेसन टेटम हाती लागले. १७ जून २०२४ रोजी डॅलस मॅव्हरिक्सवर ४–१ अशी मालिका जिंकून त्यांनी अठरावे विजेतेपद आणले. त्या मालिकेत संघाकडून सर्वाधिक गुण, सर्वाधिक रिबाउंड आणि सर्वाधिक असिस्ट, म्हणजे ज्यातून थेट बास्केट होते असे पास, या तिन्ही बाबतींत टेटम पुढे होते. तरीही मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ब्राउन यांना देण्यात आला, आणि डॅलसच्या लुका डॉन्चिचवर वारंवार केलेली पहारेदारी हे त्याचे एक मोठे कारण होते. एव्हाना साखळीच्या प्रत्येक क्रीडागृहात खेळाडूंची हालचाल टिपणारे कॅमेरे बसले आहेत. कोणी किती फेकींना हात आडवा केला, किती पास बोटांनी वळवले, याचीही नोंद आता सामन्यागणिक होते. त्याच हंगामात साखळीच्या दुसऱ्या सर्वोत्तम बचाव संघात निवडले गेलेले ड्रू हॉलिडे आणि डेरिक व्हाइट यांचा खेळ त्यामुळे पुढील अभ्यासकांना आकड्यांतही सापडेल. रसेल यांच्या बाबतीत मात्र त्यांना उरलेल्या चित्रफिती आणि सहकाऱ्यांच्या साक्षी यांवरच विसंबावे लागेल.