विरजणाशिवाय आंबणारी बिअर

दही लावायला विरजण लागते, इडलीच्या पिठाला लागत नाही. डाळ-तांदळाबरोबर, मुख्यतः उडदाच्या डाळीबरोबर, आलेले सूक्ष्मजीवच ते आंबवतात. बिअर बनवणारे बहुतेक जण दह्याच्या वाटेने जातात. १८८३ साली डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी यीस्टचे शुद्ध वाण वेगळे वाढवले, आणि ठरावीक यीस्टचे विरजण घालणे हळूहळू रुळले. बेल्जियममधील ब्रुसेल्स शहरात १९०० साली सुरू झालेला ‘कांतियों’ हा छोटा बिअर-कारखाना मात्र अजून इडलीच्या वाटेवर आहे. या बिअरला लाम्बिक म्हणतात.

मोड आणून सुकवलेले जव आणि सुमारे एक तृतीयांश साधा गहू गरम पाण्यात मुरवून निघणारा गोड द्रव हॉप्सच्या फुलांबरोबर काही तास उकळतात. हॉप्स मुद्दाम जुने घेतात. त्यांचा कडूपणा बराच गेलेला असतो, पण नको असलेल्या जीवाणूंना रोखण्याचा गुण काहीसा उरतो. हा काढा माळ्यावरच्या तांब्याच्या उथळ, रुंद पात्रात रात्रभर उघडा राहतो. पृष्ठभाग मोठा, त्यामुळे तो लवकर निवतो आणि हवेतल्या सूक्ष्मजीवांना उतरायला जागाही मिळते. सकाळी तो लाकडी पिंपांत जातो. त्या लाकडातही सूक्ष्मजीवांची जुनी वस्ती असतेच.

आम्हांला सर्वांत रंजक वाटला तो पुढचा क्रम. आधी आपल्या आतड्यात आढळणाऱ्या जीवाणूंचे भाऊबंद वाढतात. काही आठवड्यांत नेहमीचे यीस्ट साखरेचे अल्कोहोल करू लागते. महिन्यांनंतर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू येतात. शेवटी ब्रेटानोमायसिस हे यीस्ट इतरांना न पचलेल्या लांब साखळीच्या शर्करा सावकाश खाते. (त्याच्या एका जातीचे नाव ब्रुक्सेलेन्सिस, म्हणजे ब्रुसेल्सचे!) आम्ल आणि अल्कोहोल वाढले की आधीच्या मंडळींचा निभाव लागत नाही. पडीक रानात गवत, झुडपे, मग झाडे येतात, तसेच हे अनुक्रमण. फक्त पिंपात, एक ते तीन वर्षांत.

कारखान्यातली कोळ्यांची जाळीही कुणी झाडत नाही. फळे घातलेल्या पिंपांकडे येणारे कीटक कोळी खातात.

हे सारे थंड रात्रींवर अवलंबून आहे. म्हणून काढा उकळण्याचे काम साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच चालते. रात्र उबदार असली तर काढा निवायला वेळ लागतो आणि नको ते जीवाणू माजतात. २०१५ च्या नोव्हेंबरात ऊब टिकून राहिल्याने कांतियोंला काम थांबवावे लागले होते. यंत्राच्या बंद नळ्यांतून काढा झटपट निववता येतो, पण त्यात हवेतले जीव उतरत नाहीत. मग यीस्ट विकत आणून घालावे लागते.