बर्फावरची शर्यत आणि मनातली तालीम

१४ फेब्रुवारी १९८८ या दिवशी कॅनडातील कॅल्गरी येथे हिवाळी ऑलिंपिकमधील स्पीड स्केटिंगची ५०० मीटरची शर्यत होती. अमेरिकेचा डॅन जॅन्सन हा तिचा संभाव्य विजेता मानला जात होता. त्याच दिवशी सकाळी त्याची बहीण जेन रक्ताच्या कर्करोगाने निवर्तली. जॅन्सन शर्यतीत उतरला आणि पहिल्याच वळणावर कोसळला. चार दिवसांनी १००० मीटरच्या शर्यतीत तो उत्तम वेळ नोंदवीत असता अखेरच्या टप्प्यात पुन्हा पडला. १९९२ च्या ऑलिंपिकमध्येही त्याच्या हाती काही लागले नाही; ५०० मीटरमध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. विशेष असे की, या काळात त्याच्या पायांतील बळ कमी झाले नव्हते. ५०० मीटरचे अंतर ३६ सेकंदांच्या आत कापणारा जगातला पहिला स्केटर तोच ठरला. मग उणीव होती ती कशाची?

या प्रश्नाचे उत्तर लोक एका शब्दात देऊन मोकळे होतात: मनोबलाची. परंतु मनोबल म्हणजे नेमके काय, ते उपजत असते की कमावता येते, आणि कमावता येत असेल तर त्यासाठी काय मोल द्यावे लागते, याचा विचार क्वचितच केला जातो. बर्फावरील खेळांचा गेल्या अर्धशतकाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. कारण मनाच्या शिक्षणाची गरज या खेळांना इतरांहून लवकर आणि अधिक तीव्रतेने भासली.

सरावाची टंचाई

अर्थशास्त्रात टंचाईला जे स्थान आहे, तेच या खेळांत सरावाच्या संधीला आहे. धावपटूला मैदान रोज मिळते. उतारावरून खांबांच्या रांगांमधून नागमोडी वाट काढणाऱ्या स्कीपटूला मात्र शर्यतीची वाट आधी वापरून पाहण्याची मुभा नसते. शर्यतीपूर्वी ठराविक वेळात त्याने ती वाट केवळ निरखायची, वळणे आणि चढउतार ध्यानात ठेवायचे आणि मग एकदाच वेगाने खाली यायचे. दुसऱ्या फेरीसाठी खांब नव्याने रोवले जातात. म्हणजे पहिल्या फेरीचे पाठांतर निरुपयोगी ठरते. ज्या परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचावयास मिळते पण कच्चे लिखाण करता येत नाही, अशी ही परीक्षा होय. तेव्हा डोळे मिटून सारी वाट मनात उतरून पाहणे हा या खेळाचा अलंकार नसून त्याचे अंगच आहे.

ल्यूज या खेळाची स्थिती याहून अवघड आहे. त्यात खेळाडू एका छोट्या घसरगाडीवर उताणा पडून, पाय पुढे करून, बर्फाच्या पन्हळीतून ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने खाली येतो. असे मार्ग जगात थोडे आहेत, ते गोठविण्याचा आणि राखण्याचा खर्च प्रचंड आहे, आणि खेळाडूचे शरीरही दिवसात मोजक्याच फेऱ्या सोसू शकते. म्हणून शर्यतीपूर्वी हे खेळाडू एका कोपऱ्यात डोळे मिटून, मान आणि हात किंचित हलवीत, एकेक वळण मनातल्या मनात घेताना दिसतात. पाहणाऱ्याला ही पूजाअर्चा वाटावी. वस्तुतः तो सराव असतो.

अशा खेळांत यशापयशामधील अंतरही अतिशय तोकडे असते. १९७६ साली इन्सब्रुक येथे ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ क्लॅमरने उतारावरील शर्यत १ मिनिट ४५.७३ सेकंदांत जिंकली. दुसरा आलेला स्वित्झर्लंडचा बर्नहार्ड रुसी त्याच्यामागे अवघे ०.३३ सेकंद होता. १९९८ साली नागानो येथे महिलांच्या ल्यूजमध्ये चार फेऱ्यांच्या एकूण वेळेत सुवर्ण आणि रौप्य यांमध्ये ०.००२ सेकंदाचा फरक पडला. शरीर आणि साधने यांत सर्वच आघाडीचे स्पर्धक तुल्यबळ झाले की उरलेला सूक्ष्म फरक मनाच्या खात्यावर पडतो. सीमान्त उत्पादनाचा जो नियम शेतीला लागू आहे, तोच येथेही लागू पडतो: एका साधनाची मात्रा वाढवीत गेल्यास तिचा लाभ घटत जातो आणि मग दुर्लक्षित साधनाचे मोल वाढते.

प्रयोगशाळेतून उतारावर

मनातील हालचालीचे पडसाद स्नायूंत उमटतात, ही गोष्ट अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या सुमारास दाखवून दिली होती. हात वाकविल्याची केवळ कल्पना केली तरी दंडाच्या स्नायूत अतिसूक्ष्म विद्युत्क्रिया नोंदली जाते, असे त्यांना आढळले. स्नायू क्रमाक्रमाने सैल सोडण्याची त्यांची पद्धतही पुढे सर्वत्र रूढ झाली. १९७० नंतर कोलोरॅडो येथील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड सुइन यांनी या दोन सूत्रांची सांगड घातली. प्रथम शरीर पूर्ण शिथिल करावयाचे आणि मग शर्यत केवळ चित्रासारखी न पाहता ती अनुभवावयाची: गालांवरचा गार वारा, पायांखालच्या बर्फाचा कठीणपणा, वळणावर गुडघ्यांवर येणारा भार, हे सारे. त्यांनी एका स्कीपटूच्या पायांच्या स्नायूंची विद्युत् नोंद घेतली असता, कल्पनेतील शर्यतीत जेथे उंचवटे आणि वळणे होती तेथे आलेखातही चढउतार दिसले.

सुइन यांच्या एका प्रयोगाची हकीगत मोठी मासलेवाईक आहे. विद्यापीठाच्या संघातील स्कीपटूंच्या समान कुवतीच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतील एकास मानसिक तालीम द्यावयाची आणि दुसऱ्यास द्यावयाची नाही, अशी योजना होती. परंतु तालीम घेतलेल्यांची प्रगती प्रशिक्षकाच्या इतकी नजरेत भरली की, शर्यतीसाठी त्याने त्यांचीच निवड केली. परिणामी तुलना पुरी होऊ शकली नाही. प्रशिक्षकाच्या दृष्टीने प्रयोग यशस्वी झाला; शास्त्राच्या दृष्टीने तो अपुरा राहिला. १९७६ च्या ऑलिंपिकमध्ये सुइन अमेरिकन संघासोबत होते, आणि त्याच स्पर्धेत बिल कॉख याने ३० किलोमीटरच्या स्कीइंगमध्ये रौप्यपदक मिळविले. बर्फावरून दूर पल्ला तोडण्याच्या या प्रकारात अमेरिकेचे हे पहिलेच ऑलिंपिक पदक होते. तथापि त्याचे श्रेय एखाद्या तंत्राच्या पदरात टाकणे धाडसाचे ठरेल.

पुढील काळात पुष्कळ संशोधन झाले. डेबोरा फेल्ट्झ आणि डॅनियल लँडर्स यांनी १९८३ साली तोवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. काहीच न करण्यापेक्षा मानसिक सराव निश्चितपणे उपयुक्त असतो, आणि ज्या कौशल्यात क्रम ध्यानात ठेवण्याचा व निर्णय घेण्याचा भाग अधिक, तेथे तो अधिक फळ देतो, असा त्याचा इत्यर्थ होता. १९९४ साली झालेल्या अशाच एका आढाव्यात मानसिक सराव प्रत्यक्ष सरावाच्या बरोबरीचा मात्र ठरत नाही, हेही स्पष्ट झाले. म्हणजे मनाची तालीम ही पूरक वस्तू आहे, पर्यायी वस्तू नव्हे. चहा आणि साखर यांचा जो संबंध, तो येथे आहे. चहा आणि कॉफी यांचा नव्हे.

हृदयाचे ठोके आणि बंदुकीचा चाप

मनाच्या शिक्षणाचे सर्वांत कठोर दर्शन घडते ते बायथलॉनमध्ये. स्कीवरून धापा टाकीत आलेल्या खेळाडूने बंदूक हाती घेऊन ५० मीटरवरील पाच लक्ष्ये टिपावयाची असतात. पालथे पडून मारावयाचे लक्ष्य असते ४५ मिलिमीटर व्यासाचे, उभ्याने मारावयाचे ११५ मिलिमीटरचे. चुकलेल्या प्रत्येक गोळीला १५० मीटरची जादा फेरी, किंवा काही प्रकारांत वेळेचा दंड. हृदय जोराने धडधडत असताना क्षणभर सारे जग दूर सारून श्वास आणि चाप यांचा मेळ घालावयाचा असतो. त्यातही खरी परीक्षा असते ती पहिली गोळी चुकल्यानंतर. मन त्या चुकीपाशी रेंगाळले की दुसरीही चुकते. म्हणून या खेळाडूंना विचार दाबून टाकण्याऐवजी लक्ष पुढच्या कृतीकडे वळविण्याची सवय लावली जाते. महाराष्ट्राला ही गोष्ट अपरिचित नाही. नाशिकचे निवृत्त पोलीस अधिकारी भीष्मराज बाम यांनी नेमबाजांसह अनेक खेळाडूंना योगशास्त्राच्या आधारे एकाग्रतेचे धडे दिले. २०१७ साली त्यांच्या निधनापर्यंत हे कार्य चालू होते.

दोन गैरसमज

मनोबलाविषयी दोन गैरसमज आढळतात, आणि दोन्हीही घातक आहेत. पहिला गैरसमज असा की, मन खंबीर असले म्हणजे साधनांवाचून निभते. भारताच्या शिव केशवन याचे उदाहरण या संदर्भात वारंवार दिले जाते. मनालीजवळच्या वशिष्ठ गावचा हा मुलगा १९९८ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, नागानोच्या ऑलिंपिकमध्ये ल्यूजच्या शर्यतीत उतरला आणि २०१८ पर्यंत सलग सहा ऑलिंपिक खेळला. देशात बर्फाचा एकही ल्यूज-मार्ग नसल्यामुळे घसरगाडीला चाके लावून त्याने हिमालयातील रहदारीच्या रस्त्यांवर सराव केला. त्याच्या जिद्दीला प्रणाम करावा तेवढा थोडा. परंतु या कथेचा अर्थ 'जिद्द असली की मार्ग लागत नाही' असा घेणे म्हणजे खेळाडूचे कौतुक करता करता व्यवस्थेला दोषमुक्त करणे होय. २०२२ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये गुलमर्गचा आरिफ खान हा भारताचा एकमेव खेळाडू होता. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताला आजवर एकही पदक मिळालेले नाही. याचे खापर भारतीय मनाच्या दुबळेपणावर फोडणे सोपे आहे, कारण त्याला खर्च येत नाही.

येथे मानसिक तालमीची एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. जे वळण कधी घेतलेच नाही, ते मनात अचूक घेता येत नाही. कल्पनेला अनुभवाचे भांडवल लागते. जाणते प्रशिक्षक स्टॉपवॉच हाती धरून खेळाडूची मनातली शर्यत मोजतात. ती प्रत्यक्ष शर्यतीइतकाच वेळ घेते की नाही, यावरून तालमीचा कस ठरतो. ज्याने त्या मार्गावर वीसदा प्रवास केला आहे त्याची मनातली फेरी वेळेत बसते. नवख्याची फसते, किंबहुना तो चुकीचाच सराव पक्का करीत राहतो. मानसिक तालीम भांडवलाची उत्पादकता वाढविते, ते शून्यातून निर्माण करीत नाही.

आणि भीतीचे काय? १२ फेब्रुवारी २०१० रोजी, व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा ल्यूजपटू नोदार कुमारिताश्विली हा एकवीस वर्षांचा तरुण व्हिसलरच्या मार्गावर सराव करताना बाहेर फेकला जाऊन मरण पावला. त्यानंतर पुरुषांच्या शर्यतीचा प्रारंभ खालच्या टप्प्यावर आणण्यात आला. अशा मार्गाची भीती वाटणे हा मनाचा दोष नव्हे. ती मनाने दिलेली वाजवी सूचना असते. ती सूचना ऐकणे हे खेळाडूइतकेच संयोजकांचेही कर्तव्य आहे.

दुसरा गैरसमज असा की, मन हे पदक मिळविण्याचे यंत्र असून ते नादुरुस्त झाले म्हणजे खेळाडू अपराधी ठरतो. अमेरिकेची स्कीपटू मिकेला शिफ्रिन हिच्या वडिलांचे २०२० साली अपघाती निधन झाले. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिच्याकडून अनेक पदकांची अपेक्षा होती. परंतु दोन शर्यतींत ती सुरुवातीच्या काही खांबांतच वाटेबाहेर गेली आणि एकही पदक न घेता परतली. तिच्यावर निंदेचा भडिमार झाला. पुढल्याच वर्षी, मार्च २०२३ मध्ये, विश्वचषकातील सत्त्याऐंशीवा विजय मिळवून तिने स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कचा विक्रम मागे टाकला. ज्या मनाला वर्षापूर्वी दुबळे ठरविले गेले, तेच हे मन होते.

पुन्हा जॅन्सन

डॅन जॅन्सनने पुढे जिम लोअर या मानसशास्त्रज्ञाचे साहाय्य घेतले. १००० मीटरची शर्यत त्याला लांबलचक वाटे. अखेरच्या टप्प्याविषयी त्याच्या मनात अढी बसली होती. ही शर्यत आपल्याला प्रिय आहे, असे वाक्य रोज लिहीत जाण्याचा अभ्यास लोअर यांनी त्याला दिला. आरंभी ते त्याला खोटेच वाटले असल्यास नवल नाही. तथापि त्याने नेम मोडला नाही. १९९४ साली लिलहॅमर येथे ५०० मीटरमध्ये तो पुन्हा घसरला आणि आठवा आला. चार दिवसांनी १८ फेब्रुवारीला १००० मीटरची शर्यत होती, आणि ती त्याची अखेरची ऑलिंपिक शर्यत होती. तीतही एका वळणावर त्याचा पाय किंचित सरकला; परंतु या वेळी तो सावरला आणि १ मिनिट १२.४३ सेकंद या विश्वविक्रमी वेळेत त्याने सुवर्णपदक जिंकले. विजयाची फेरी त्याने आपल्या तान्ह्या मुलीला कवेत घेऊन पुरी केली. तिचे नाव जेन होते.

मनाच्या शिक्षणाने जॅन्सनचे घसरणे थांबविले नाही, हे नीट ध्यानात घेण्याजोगे आहे. बर्फ निसरडा असतो आणि तो तसाच राहावयाचा. घसरल्यानंतरच्या पुढच्या पावलाकडे लक्ष देण्याची शक्ती तेवढी या शिक्षणाने मिळते. ती उपजत देणगी नाही, चमत्कारही नाही. ती रोजच्या नेमाने, जाणत्याच्या देखरेखीखाली आणि पुरेशा साधनांच्या साथीने कमावावी लागते. आपल्या शाळा-महाविद्यालयांतून मुलाला 'मन घट्ट कर' असे सांगणारे पुष्कळ आहेत. ते कसे करावयाचे हे शिकविणारे थोडे. उपदेश फुकट असतो, म्हणून तो विपुल आहे. शिक्षणाला वेळ आणि पैसा लागतो. तो खर्च करण्याची तयारी नसेल, तर पडलेल्याला दुबळा म्हणण्याचा अधिकार समाजाला उरत नाही.