लोणारच्या विवरातील शेतीनंतरचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवरात अनेक वर्षे केळी आणि पपईच्या बागा उभ्या होत्या. विवराच्या ईशान्य कडेवरून बारमाही वाहणारी 'धार' खाली उतरते आणि येताना गाळ आणते. या गाळाची जमीन सुपीक आणि पाणी उशाशी, त्यामुळे तेथे शेती होणे स्वाभाविकच होते. पुढे सरोवराच्या संरक्षणासाठी ही शेती बंद करण्यात आली. मात्र नांगर थांबला म्हणजे जमीन निसर्गाला परत मिळाली, असे होत नाही. अशा जमिनीचा संवर्धनासाठी उपयोग करायचा, तर आधी तिचे पर्यावरणीय मूल्यमापन करावे लागते. लोणारमध्ये ते इतर ठिकाणांपेक्षा अधिक कठीण आहे.

याचे कारण विवराच्या रचनेत आहे. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून सुमारे दीडशे मीटर खोल आहे. त्यात झरे आणि पावसाचे ओहोळ येतात, पण बाहेर जाणारा एकही प्रवाह नाही. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. म्हणूनच सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे. त्याचा सामू दहाच्या आसपास नोंदला गेला आहे. एके काळी येथून 'दल्ला', 'खप्पल', 'पापडी' अशा नावांचे क्षार काढले जात. अशा बंद भांड्यात क्षार साचतात, तशीच खतेही साचतात.

त्यामुळे पहिली तपासणी मातीची. नत्र पाण्यात सहज विरघळून वाहून जाते, स्फुरद मात्र मातीच्या कणांना चिकटून राहते. शेती बंद होऊन वर्षे लोटली, तरी एखाद्या जोरदार पावसात हीच माती सरोवरात उतरू शकते. स्फुरद वाढले की शेवाळ माजते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो. काही जुनी कीटकनाशके मातीत दशकानुदशके टिकतात. म्हणून माती केवळ पृष्ठभागावरची नव्हे, तर थराथराने तपासावी लागते आणि शेजारच्या न नांगरलेल्या जमिनीशी ताडून पाहावी लागते. लोणार गावातील सांडपाणीही याच बाजूने विवरात येत असल्याने शेतीचा अंश कोणता आणि गावाचा कोणता, हे वेगळे करणेही आवश्यक ठरते.

दुसरी तपासणी पाण्याची, आणि येथेच खरी मेख आहे. धारेचे जे पाणी पूर्वी बागा पीत होत्या, ते शेती थांबल्यावर सरळ सरोवराकडे जाते. इतर सर्व गोष्टी तशाच राहिल्या, तरी एवढ्याने पातळी वाढू शकते आणि क्षारता सौम्य होऊ शकते. सरोवराचा समतोल किती नाजूक आहे, हे जून २०२० मध्ये दिसले. पातळी घटून क्षारता वाढली, क्षारप्रेमी सूक्ष्मजीव फोफावले आणि पाणी गुलाबी झाले. उलट २०२५ मध्ये वाढलेले पाणी काठावरच्या मंदिरांत शिरले. या वाढीत पाऊस, झरे, सांडपाणी आणि बंद झालेले सिंचन यांचा वाटा किती, हे मोजल्याशिवाय कोणताही उपाय अंदाजापुरताच राहतो.

तिसरा प्रश्न झाडांचा. ओसाड जमीन दिसली की वृक्षारोपण करावे, ही आपली सवय. लोणारच्या विवरात सरोवराच्या क्षारतेनुसार वनस्पतींचे पट्टे आढळतात. पाण्यालगतचा क्षारयुक्त भाग जवळजवळ उघडा असतो, त्यापलीकडे बाभूळ, चिंच, शिंदी असे पट्टे लागतात. तो उघडा भागही अधिवासच आहे. पाणपक्षी तेथे चरतात. पडीक जागेत झपाट्याने पसरणारी वेडी बाभूळ हटवलीच पाहिजे, पण ती मुळासकट उपटताना उतारावरची माती सैल होते. म्हणजे पुन्हा तोच गाळ, तेच स्फुरद. म्हणून काढणी टप्प्याटप्प्याने करून मोकळ्या जागी आधी स्थानिक गवत रुजू देणे शहाणपणाचे ठरते.

चौथी बाजू माणसांची. सन २००० मध्ये परिसर अभयारण्य घोषित झाला आणि २०२० मध्ये सरोवराला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला. सुमारे १६० पक्षिजातींची नोंद असलेल्या या जागेला तो मान शोभतोच. पण विवरातल्या जमिनीवर कोणाची तरी चूल पेटत होती, गुरे चरत होती आणि कमळजा देवीच्या नवरात्राला आजही भाविक खाली उतरतात. या वापरांची नोंद मूल्यमापनात नसेल, तर कागदावरचे संवर्धन कुंपणाशीच अडते.

सर्वसाधारण पडीक जमिनीचे यश हिरवाईवरून मोजता येते. लोणारमध्ये हे माप चुकीचे ठरेल. येथे जमीन सुधारली की नाही, हे सांगणार सरोवराचे पाणी: त्याचा सामू, त्याची क्षारता, त्याची पातळी आणि त्यातील सूक्ष्मजीव. विवराचा उतार हिरवागार झाला आणि तळाचे पाणी गोडे होत गेले, तर ज्याच्यासाठी शेती थांबवली, तेच हातचे गेलेले असेल.