दोनशे मीटर लिहिलंय, पण रबर कसं आहे?

नांदेडकडच्या उमरीहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. मग पाणबुड्यांसाठी घडवलेलं घड्याळ इथे मनगटावर कशाला, हा आक्षेप रास्तच आहे. पण १९५३च्या सुमारास ब्लांपां आणि रोलेक्स यांनी या घड्याळांचा जो साचा पाडला, त्यात शोभेचं फार थोडं होतं: गढूळ पाण्यातही दिसतील अशा ठळक खुणा, अंधारात चमकणारे काटे, पोलादी डबी आणि किती मिनिटं झाली ते सांगणारी फिरती रिंग. शेतीची वीज पाळीपाळीने येते, तिथे मोटार सुरू करताना रिंगवरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवली, की तासाभराच्या आतला हिशोब खिशातला मोबाइल न काढता, ओल्या हाताने लागतो. हा जुना साचा आज नव्या घड्याळांत काही हजारांत मिळतो. घोळ होतो तो निवडताना, कारण नजर थेट डायलवरच्या मीटरच्या आकड्यावर जाते.

या आकड्याबद्दल दोन उलटसुलट समजुती आहेत. ‘३० मीटर’ म्हणजे तेवढं खोल जाता येतं, ही पहिली. प्रत्यक्षात तो दाबाचा आकडा आहे; नवंकोरं घड्याळ स्वच्छ, स्थिर पाण्यात तेवढा दाब सोसतं, इतकाच त्याचा अर्थ. दुसरी समजूत जरा जाणकारांची: पोहताना हात आपटला की दाब इतका वाढतो, की १०० मीटरचं घड्याळही अपुरं पडतं. हे गणितात बसत नाही. हात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरला तरी वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर पाण्याएवढा असतो. मग तरी पाणी का शिरतं? चावीपाशी आणि मागच्या झाकणाखाली रबराच्या बारीक रिंगा, म्हणजे वॉशर, असतात, त्या कडक होतात म्हणून. घाम, साबण, गरम पाणी आणि नांदेडकडचा चाळिशीपारचा उन्हाळा, सगळं त्या रबराच्या मुळावर येतं. म्हणून हात धुण्यापुरतं ३० मीटर चालेल, विहिरीत मुटका मारणाऱ्याने १०० मीटर आणि शक्यतो फिरवून आवळायची चावी बघावी. त्यापुढचे पैसे आकड्यावर घालण्यापेक्षा दर वेळी सेल बदलताना वॉशर तपासून घेण्यावर घालावेत. ज्या दुकानात झाकण नुसतं दाबून परत देतात, तिथे २०० मीटरचाही उपयोग नाही.

‘जुनं ते अस्सल’ ही समजूत मात्र खिशाला जास्त लागते. एचएमटीची घड्याळं १९६१ पासून, जपानच्या सिटिझनच्या मदतीने, बंगळुरात बनू लागली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि जुन्या घड्याळांचा बाजार तापला. त्यात नारिंगी, निळ्या, भडक डायलची बरीच घड्याळं ही जुन्या डबीत नव्याने रंगवलेला डायल आणि कुठले कुठले सुटे भाग बसवून उभी केलेली असतात. मुंबईतून येणाऱ्या अशा मालाला संग्राहकांनी ‘मुंबई स्पेशल’ असं नावच देऊन टाकलं आहे. कपाटात ठेवायला हरकत नाही, पण पाण्याशी त्यांचा संबंध नको. आजोबांचं चावीचं घड्याळ चाळीस वर्षं टिकलं, असं कुणी म्हणेल. टिकलं असेल, पण आजोबा आंघोळीआधी ते काढून ठेवत असत.

उरला प्रश्न, सेलचं की ऑटोमॅटिक. सेलला कमी लेखणं ही निव्वळ हौशी मंडळींची ऐट आहे. स्वस्त डायव्हर घड्याळांत सर्रास दिसणाऱ्या सिकोच्या एनएच३५ या ऑटोमॅटिक यंत्राला दिवसाला वीस सेकंद मागे ते चाळीस सेकंद पुढे अशी मुभा कंपनीच देते. कॅसिओच्या एमडीव्ही-१०६ या सेलवरच्या २०० मीटरच्या घड्याळात महिन्याला वीसेक सेकंदांचा फरक पडतो. ऑटोमॅटिकला सेल लागत नाही हे खरं, पण काही वर्षांनी ते उघडून साफ करून तेल द्यावं लागतं, आणि ते काम नीट करणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही. शिवाय नुसत्या रूपावर भाळू नये: २०१९ मध्ये आलेली नवी सिको ५ स्पोर्ट्स दिसायला डायव्हर, पण १०० मीटरची, साधी दाबून बसणारी चावी असलेली. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचं आयएसओ ६४२५ हे मानक पाळल्याचा दावा ती करत नाही. रोजच्या वापराला मात्र तेवढी पुरे आहे. चमकणाऱ्या काट्यांना आपण अजून रेडियम म्हणतो, पण आजचा लेप किरणोत्सारी नसतो, त्याला आधी उजेड दाखवावा लागतो. पट्टा चामड्याचा नको. घामाने तो एका उन्हाळ्यात कुजतो.

घेतलेल्या घड्याळात ओल आहे का, हे घरीही कळतं. पाणबुड्यांच्या मानकातच ही चाचणी आहे: घड्याळ ४०-४५ अंशांपर्यंत तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभराने पुसायचा. मे महिन्यात तापवायचं काम अंगणातलं ऊन करतं, थेंब माठातला चालतो. काचेच्या आतून धुकं दिसलं तर त्याच आठवड्यात झाकण उघडून वॉशर बदलून घ्यावा.