‘चूक माझीच होती, साहेब’

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटं गमावलेल्या कामगाराला भरपाईबद्दल विचारलं, की पुष्कळदा हेच वाक्य ऐकू येतं. तो मनापासून बोलत असतो. सलग दुसरी पाळी होती, मालाची घाई होती, सेन्सर बंद होता आणि डायखालचा हात काढायला क्षणभर उशीर झाला. एवढ्या सगळ्यात त्याला फक्त स्वतःचा हात दिसतो.

कायदा असा विचार करत नाही. 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा मालकाचा दोष शोधत नव्हता आणि कामगाराचा निष्काळजीपणाही मोजत नव्हता. इजा कामामुळे आणि काम करताना झाली, एवढं पुरे होतं. नशेत असणं, सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणं किंवा सुरक्षेचं साधन मुद्दाम काढणं हे अपवाद खरे; पण मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर मालकाला त्यांचाही आधार घेता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी हा गाभा तोच राहिला. आणि सुपरवायझरनेच सेन्सर बंद करायला लावला असेल, तर तो कामगाराचा मुद्दामपणा कसा?

दुसरा गैरसमज रकमेचा. दवाखान्याचं बिल भरलं, वर पन्नास हजार हातावर ठेवले, म्हणजे मालकाने माणुसकी दाखवली असं घरच्यांनाही वाटतं. हिशेब करून पाहू. कामगार तीस वर्षांचा, पगार 18,000, उजवा अंगठा पूर्ण गेलेला. 1923 च्या कायद्याखाली पगार 15,000 पर्यंतच धरला जायचा. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. तिशीच्या वयाचा गुणक 207.98. गुणाकार 18,71,820 रुपये. अंगठ्यासाठी कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं कायद्याचं परिशिष्टच सांगतं, म्हणजे भरपाई 5,61,546 रुपये. उपचाराचा खर्च यात नाही, तो वेगळा. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळात रद्दबातल असतो, त्यामुळे ‘तू कागदावर सही केलीस ना’ या धमकीत दम नाही.

परिशिष्टातले टक्के म्हणजे कमाल मर्यादा, हाही समज पक्का बसलेला आहे. ओडिशातल्या जेपोरला एका सिनेमागृहात सजावटीचं काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, अपंगत्व अंशतःच आहे. डिसेंबर 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून त्याच्यापुरतं अपंगत्व शंभर टक्के. शरीर किती उरलं यापेक्षा तो जे काम करत होता ते आता करू शकतो का, हे बघायचं. भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच सुरू होते, हेही याच निकालाने स्पष्ट केलं. महिन्याभरात रक्कम न दिल्यास 12 टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, अशी 1923 च्या कायद्यात तरतूद होती.

‘हा ठेकेदाराचा माणूस आहे, आमचा नाही’ हे उत्तर तर ऐकूच नये. काम कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असेल, तर भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. ठेकेदाराकडून वसुली करणं ही त्याची बाब.

ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचं, मात्र नीट समजून घ्यायला हवं. पगार 21,000 पर्यंत आणि आस्थापना या योजनेत बसणारी असेल, तर भरपाई मालकाकडून नाही, महामंडळाकडून मिळते. तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या सुमारे 90 टक्के, कायमच्या अपंगत्वात टक्केवारीप्रमाणे आयुष्यभर दरमहा रक्कम. कामावरच्या इजेसाठी किमान वर्गणीची अट नाही. पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. मालकाने वर्गणी बुडवली असली, तरी महामंडळ लाभ देऊन त्याच्याकडून वसूल करू शकतं.

‘अपघात गेटच्या बाहेर झाला’ म्हणून किती विधवा रिकाम्या हाताने परतल्या असतील! 2003 मध्ये आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलने निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. खालच्या न्यायालयाने कुटुंबाला 3,26,140 रुपये आणि व्याज दिलं, उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई पुन्हा मंजूर केली. अपघाताची वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल, तर येण्या-जाण्याचा प्रवासही कामात धरायचा, असं न्यायालयाने सांगितलं. नव्या संहितेतही ही तरतूद आहे.

हा निकाल मिळायला बावीस वर्षं लागली, आणि खरी दुरुस्ती इथेच हवी. अपघाताच्या दिवशीच त्याची लेखी नोंद आणि तिची प्रत कामगाराच्या हातात, ही सक्ती कागदावर न राहता तपासली गेली पाहिजे. दाव्यासाठी मुदत दोनच वर्षांची आहे आणि पगारपत्रक नसलेल्याची ती दोन वर्षं ‘मी तिथे कामाला होतो’ हे सिद्ध करण्यातच जातात. दुसरी गोष्ट पगाराच्या मर्यादेची. 2010 मध्ये ती 8,000 होती, 15,000 व्हायला जानेवारी 2020 उजाडला. ती महागाई भत्त्याशी जोडली असती, तर दहा वर्षं कुणाला अधिसूचनेची वाट पाहावी लागली नसती, आणि आज 18,000 कमावणाऱ्याच्या अंगठ्याचा हिशेब 18,000 वरच झाला असता.