एक लेखन, तीन यंत्रे

संगणकाचा कारभार चालविणाऱ्या प्रणाली मुख्यतः तीन: विंडोज, मॅक आणि लिनक्स. एकीसाठी रचलेला कार्यक्रम सहसा दुसरीवर चालत नाही. मराठी शब्दकोश वा ग्रंथसूची संगणकावर आणू पाहणाऱ्या छोट्या मंडळाला एकच काम तीनदा करणे कसे परवडावे?

यावर गिटहब या कंपनीत २०१३ साली तोड निघाली. ॲटम नावाच्या संपादकासाठी तेथे जो सांगाडा उभारला, त्यालाच २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन हे नाव मिळाले. (ॲटम २०२२ मध्ये बंद झाला, सांगाडा मात्र टिकला.) संकेतस्थळे ज्या एचटीएमएल, सीएसएस व जावास्क्रिप्टमध्ये लिहितात, त्यांतच कार्यक्रम लिहावयाचा आणि त्याच्यासोबत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर व फायली हाताळणारे नोड जेएस बांधून द्यावयाचे. जोडाक्षरे जुळविण्याची सोयही त्या ब्राउझरच्या पोटातच असते. टंकही सोबत दिला, तर ‘लक्ष्मी’तील जोडाक्षर तिन्ही यंत्रांवर सारखेच उमटते. एवढी काळजी फार थोडे घेतात!

खर्च आहेच. चार कार्यक्रम उघडले की एका घरात चार चुली पेटतात. साधी टिपणवहीसुद्धा शंभराहून अधिक मेगाबाइट जागा अडविते. २०२२ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघालेली टाउरी यंत्रातलाच ब्राउझर वापरते, म्हणून ती हलकी. परंतु तीन प्रणालींतील ब्राउझर निरनिराळे, तेव्हा अक्षरांची तपासणी पुन्हा तीनदा आली. शब्दकोशापुरते विचाराल, तर मी जड इलेक्ट्रॉनच पत्करीन.